गावातल्या चाली, देवळातली गीते: स्कॅन्डिनेव्हियन लोकधुनी आणि ख्रिस्ती भक्तिगीत

प्रश्न असा आहे. नाशिक जिल्ह्यातील एका मंडळीच्या गायकवृंदाचे काम पाहणाऱ्या भगिनींनी विचारले आहे की, गीतपुस्तकात काही गीतांच्या वर केवळ ‘स्वीडिश लोकधून’ किंवा ‘नॉर्वेजियन लोकधून’ एवढेच छापलेले असते. या धुनी मुळात कुठल्या, त्या ख्रिस्ती गीतांना कशा जोडल्या गेल्या, आणि मराठी शब्दांत गाताना त्यांचे मूळ वळण कितपत सांभाळावे?

गेली तीसहून अधिक वर्षे मी उपासनेत ऑर्गन वाजवत आणि गायकवृंद बसवत आलो आहे, आणि या धुनींवर माझे मनापासून प्रेम आहे. म्हणून उत्तर थोडे लांबेल. आपल्याकडच्या संगीत नाटकांच्या जुन्या पुस्तकांत प्रत्येक पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून एखाद्या माहितीच्या गाण्याचा मुखडा दिलेला असतो, म्हणजे शब्द नवे आणि सूर ओळखीचे. स्वीडन, नॉर्वे आणि डेन्मार्क येथील गीतपुस्तकांतही हीच पद्धत चालत आली आहे. मात्र ‘लोकधून’ हा शब्द वाचल्यावर मनात एक चित्र उभे राहते, की शेतात किंवा नाचात गायले जाणारे लौकिक गाणे कोणा धर्मगुरूने उचलले आणि त्यावर देवाचे शब्द बसवले. काही गीतांच्या बाबतीत असे घडलेही आहे. पण या प्रदेशातल्या पुष्कळशा ‘लोकधुनी’ मुळात देवळातल्याच चाली होत्या. गावकऱ्यांनी त्या दोन-दोनशे वर्षे आपल्या गळ्यावर घोळवल्या, इतक्या बदलल्या की मूळ ओळखू येईना, आणि मग एकोणिसाव्या-विसाव्या शतकातल्या संग्राहकांनी त्या लिहून घेऊन पुन्हा देवळात आणल्या. ही दुहेरी वाट लक्षात घेतली, तर ‘मूळ वळण किती सांभाळावे’ या आपल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर तिच्यातच सापडते.

या वाटेची सुरुवात छापील पुस्तकांपासून करू. स्वीडनमध्ये १६९५ चे गीतपुस्तक निघाले आणि त्याच्या चाली १६९७ मध्ये स्वरलेखनासह छापल्या गेल्या. डेन्मार्क आणि नॉर्वे तेव्हा एका राज्याखाली होते. तेथे बिशप थॉमस किंगो यांचे गीतपुस्तक १६९९ मध्ये आले. पुस्तके छापली गेली खरी, पण डोंगरदऱ्यांतल्या बहुतेक देवळांत ऑर्गन नव्हता आणि मंडळीतल्या बहुतेकांना स्वरलेखन वाचता येत नव्हते. एक पुढारी गायक ओळ काढायचा आणि सारी मंडळी त्याच्या मागून जायची. लय अतिशय संथ असल्यामुळे एका अक्षरावरून दुसऱ्या अक्षरावर जाताना भरपूर अवकाश मिळे, आणि तो अवकाश प्रत्येक जण आपापल्या परीने हरकतींनी, मुरक्यांनी, घसरत्या सुरांनी भरून काढी. शंभर माणसे एकच चाल शंभर प्रकारे सजवून एकाच वेळी गात. स्वीडनच्या दालार्ना प्रांतातील मूरा, ऑर्सा, एल्वदालेन अशा गावांत ही गायकी फार काळ टिकली, म्हणून तशा चालींना आजही ‘दालार्नाच्या कोराल’ असेच म्हणतात (कोराल म्हणजे मंडळीने मिळून गायचे स्तोत्र व त्याची चाल). नॉर्वेत किंगोच्या चालींची जी ग्रामीण रूपे झाली, त्यांनाही अभ्यासक मूळ पुस्तकाच्या नावानेच ओळखतात, कारण कान देऊन ऐकले तर खाली तेच जुने हाड सापडते.

याचा एक विलक्षण पुरावा स्कॅन्डिनेव्हियाच्या बाहेर सापडला. आजच्या एस्टोनियातील दागो बेटावरचे स्वीडिश भाषक शेतकरी १७८१-८२ मध्ये दक्षिण युक्रेनमध्ये वसायला गेले आणि त्यांनी तेथे गामालस्वेन्स्कबी, म्हणजे ‘जुने स्वीडिश गाव’, वसवले. मायदेशाशी जवळजवळ संबंध तुटलेल्या या लोकांनी आपली सजवलेली कोरालगायकी पिढ्यान् पिढ्या जपली. १९२९ मध्ये त्यांच्यातले बहुतेक जण स्वीडनला परतले, आणि त्यांच्या तोंडून या चाली लिहून घेता आल्या. स्वीडनमधल्या बहुतांश देवळांतून ती गायकी तोवर नाहीशी झाली होती.

ती नाहीशी का झाली, हे सांगणे आवश्यक आहे, कारण आपल्या हाती येणाऱ्या छापील गीतांचा चेहरा त्याच प्रक्रियेत घडला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शिकलेल्या संगीतकारांना गावची ही गायकी बेशिस्त वाटू लागली. स्वीडनमध्ये जर्मनीहून आलेले योहान क्रिस्टियान फ्रीड्रिख हेफनर यांनी १८२० च्या सुमारास जे कोरालपुस्तक तयार केले, त्यात सगळ्या चाली जवळपास समान लांबीच्या स्वरांत, गंभीर आणि संथ अशा बसवल्या होत्या. पण पुस्तक ऑर्गनवाल्यासाठी होते. ज्या देवळात ऑर्गनच नाही तेथे काय करायचे? त्यावर साल्मोडिकॉन नावाचे वाद्य आले. लांबट लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेली एकच तार, तारेखाली स्वरांच्या जागा दाखवणाऱ्या पट्ट्या आणि गजाने वाजवायची सोय. स्वीडिश धर्मगुरू योहानेस डिलनर यांनी १८३० मध्ये गीतांच्या चाली आकड्यांत लिहून छापल्या, म्हणजे आकडा वाचायचा, त्या पट्टीवर बोट ठेवायचे आणि गज फिरवायचा. पलुसकरांनी आणि भातखंड्यांनी स्वरलिपीने जे काम पुढे आपल्याकडे केले, त्याची ही तिकडची साधी, गावठी आवृत्ती म्हणता येईल. नॉर्वेत लार्स रोवेरुड हे वाद्य घेऊन गावोगाव शिकवत फिरले. व्हायोलिन सर्वत्र होते, पण ते नाचाचे आणि दारूच्या बैठकीचे वाद्य मानले जाई, म्हणून देवाच्या कामी चालत नसे. साल्मोडिकॉनला तो डाग नव्हता.

या एकतारी वाद्याने हजारो सामान्य माणसांना स्वरवाचन शिकवले, ही गोष्ट मी आदराने नमूद करतो. परंतु त्याच्या पट्ट्या ठरलेल्या जागीच होत्या, आणि गावच्या गळ्यातले सूर त्या जागांवर नव्हते. नॉर्वेच्या जुन्या गायकीत तिसरा, सहावा आणि सातवा सूर कित्येकदा शुद्ध आणि कोमल यांच्या मध्ये कुठेतरी तरंगतो. आपल्या भाषेत सांगायचे तर गंधार धड शुद्ध नाही आणि धड कोमलही नाही, शिवाय एकाच ओळीत वर जाताना तो थोडा चढा आणि उतरताना थोडा उतरा लागतो. श्रुतीची जाण असलेल्या मराठी कानाला हे चटकन उमगते. पियानोवर वाढलेल्या कानाला ते बेसूर वाटते. संग्राहकाने कागदावर तो सूर लिहिला की त्याला एक बाजू घ्यावीच लागे. त्यामुळे एकाच धुनीची एका पुस्तकातली प्रत मेजरमध्ये, म्हणजे शुद्ध गंधाराने, आणि दुसऱ्या पुस्तकातली मायनरमध्ये, म्हणजे कोमल गंधाराने, आढळली, तर त्यात कोणाची चूक शोधू नये. दोघांनीही एकच तरंगता सूर ऐकलेला असणे अगदी शक्य आहे.

नॉर्वेतील संग्राहकांमध्ये लुडविग मथियास लिंडेमान (१८१२–१८८७) यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. ते क्रिस्तियानिया, म्हणजे आजच्या ऑस्लोतील ‘आमच्या तारणाऱ्याचे देऊळ’ या नावाच्या मुख्य चर्चमध्ये १८३९ पासून ऑर्गनवादक होते. त्यांच्या वडिलांनी, ऊले आंद्रेआस लिंडेमान यांनी, समान स्वरांचे संथ कोरालपुस्तक संपादित केले होते, आणि मुलगा मात्र १८४८ पासून वाल्ड्रेस, हालिंगदाल अशा खोऱ्यांत जाऊन शेतकऱ्यांच्या आणि गुराख्यांच्या तोंडून चाली टिपू लागला. त्यांचा ‘जुन्या व नव्या नॉर्वेजियन डोंगरी धुनी’ हा संग्रह १८५३ पासून हप्त्याहप्त्याने प्रसिद्ध होत गेला. त्यात नाचाच्या चाली, वीरगाथा आणि भक्तिगीते शेजारी शेजारी आहेत. याच काळात तेलेमार्क भागातील धर्मगुरू माग्नुस ब्रोस्ट्रुप लांडस्टाड यांनी १८५३ मध्ये नॉर्वेजियन लोकगाथांचा मोठा संग्रह प्रकाशित केला, आणि पुढे १८६९ मध्ये अधिकृत झालेले नॉर्वेचे गीतपुस्तकही त्यांनीच संपादित केले. लांडस्टाड यांच्याआधी आणि त्यांच्यासोबत धर्मगुरूंची कन्या ऊलेआ क्रोगर घरोघरी जाऊन चाली गोळा करत होत्या. लोकगाथा आणि देवळातले गीत एकाच माणसाच्या टेबलावर असणे हा योगायोग नव्हता. शतकानुशतके डेन्मार्कच्या सत्तेखाली राहिलेल्या देशाला आपला आवाज हवा होता, आणि तो शहरापेक्षा खोऱ्यांत अधिक शिल्लक होता. तरीही लोकधुनींना अधिकृत कोरालपुस्तकात मोठ्या प्रमाणावर जागा मिळायला १९२६ साल उजाडावे लागले, इतका या बाबतीत वाद होता.

आता काही गीते जवळून पाहू. हान्स आडोल्फ ब्रोरसन (१६९४–१७६४) हे डॅनिश धर्मगुरू, पुढे रीबेचे बिशप. तोनर येथे सेवा करत असताना १७३२ मध्ये त्यांनी नाताळची काही गीते छापली, त्यांपैकी एकात कवी म्हणतो की माझे मन सदैव येशूच्या जन्मस्थळी भटकत असते. शब्द डॅनिश आहेत. त्यावर आज सर्वाधिक गायली जाणारी चाल स्वीडनच्या वेस्टरयोतलांड प्रांतातील लोकधून आहे, आणि हे गीत ज्या प्रेमाने नॉर्वेत नाताळच्या वेळी गायले जाते तसे क्वचितच दुसरीकडे गायले जात असेल. एका गीतात तीन देश असे सहज नांदतात. धुनीत एक उदास हेलकावा आहे. आनंदाच्या सणाला ती शोभते याचे कारण मला वाटते की ब्रोरसन यांच्या शब्दांतही गव्हाणीच्या आनंदासोबत ओढ आणि हळहळ आहे. त्यांचेच ‘शुभ्र वस्त्रांतला तो थोर समुदाय’ हे गीत, बायबलमधील प्रकटीकरणाच्या सातव्या अध्यायावर आधारलेले, त्यांच्या मृत्यूनंतर १७६५ मध्ये छापले गेले आणि नॉर्वेजियन लोकधुनीवर स्थिरावले. नॉर्वेजियन संगीतकार एडवर्ड ग्रीग यांनी पुरुषांच्या गायकवृंदासाठी त्याची केलेली मांडणी जगभर पोहोचली.

ग्रीग यांचा उल्लेख आला आहे तर त्यांची शेवटची रचना सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९०६ मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी, त्यांनी लिंडेमान यांच्या संग्रहातील धुनींवर ‘चार स्तोत्रे’ रचली, एकल पुरुष आवाज आणि वाद्यांविना गायकवृंद यांच्यासाठी. त्यांतल्या दुसऱ्या रचनेच्या मधल्या भागात एकाच षड्जावर काही आवाज शुद्ध गंधार धरतात आणि त्याच वेळी काही आवाज कोमल. पाश्चात्त्य समीक्षकांना हे धाडस वाटले. मी ते पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला त्यात तोच तरंगता डोंगरी गंधार ऐकू आला: कागदावर तो दोन सुरांच्या मध्ये लिहिता येत नाही, म्हणून ग्रीग यांनी दोन्ही सूर एकदम उभे केले असावेत, असे माझे मत आहे.

स्वीडनची गोष्ट थोडी वेगळ्या दिशेने गेली, आणि तिचे कारण कायद्यात आहे. १७२६ च्या हुकुमानुसार धर्मगुरूंच्या देखरेखीशिवाय घरात प्रार्थनासभा भरवणे हा गुन्हा होता. तो हुकूम १८५८ मध्ये मागे घेतला गेला. पण त्याआधीही, हुकूम लागू असतानाच, एकोणिसाव्या शतकात घराघरांत बायबल वाचणाऱ्यांच्या सभा भरत. या लोकांना ‘वाचक’ असेच नाव पडले होते. स्वयंपाकघरात किंवा गोठ्याशेजारच्या खोलीत जमलेल्या पंधरा-वीस माणसांजवळ ना ऑर्गन, ना हेफनर यांचे पुस्तक. त्यांना अशीच चाल हवी होती जी पहिल्याच कडव्यात सगळ्यांना जमेल, आणि अशी चाल म्हणजे लहानपणापासून कानावर पडलेली. ऊस्कार आनफेल्ट (१८१३–१८८२) दहा तारांची गिटार घेऊन अशा सभांतून गात हिंडत. त्यांच्या गीतांच्या पहिल्या पुस्तिकेचा खर्च येन्नी लिंड या विख्यात गायिकेने उचलला होता. त्यांच्या गीतांत लीना सांडेल (१८३२–१९०३) यांचे शब्द भरपूर आहेत. स्मोलांडमधल्या फ्रोदेर्यूद गावच्या धर्मगुरूंची ही मुलगी. १८५८ मध्ये तिच्या वडिलांचा व्हेटर्न सरोवरात बुडून मृत्यू झाला. तिचे ‘तुझे रुंद पंख पसर’ हे १८६५ चे गीत स्वीडिश लोकधुनीवर गायले जाते. कुशीत घेतल्यासारखी ती चाल आहे आणि मुलांना झोपवतानाही ती तितकीच शोभते. तिचेच, स्वर्गीय पित्याची मुले किती सुरक्षित आहेत हे सांगणारे, तरुणपणी लिहिलेले गीतही गीतपुस्तकांत स्वीडिश लोकधून म्हणून नोंदले जाते. प्रत्येक ओळीत आठ अक्षरे, तीन मात्रांचा झुलता ठेका आणि सामान्य गळ्याला सहज पेलणारा पल्ला. दहा लाखांहून अधिक स्वीडिश माणसे अमेरिकेत स्थलांतरित झाली, त्यांच्याबरोबर हे गीत बोटीतून गेले आणि १९२५ मध्ये एर्न्स्ट ओल्सन यांच्या इंग्रजी भाषांतरामुळे तिकडच्या लुथरन मंडळ्यांचे झाले.

येथे एक सावधगिरी. सांडेल यांचे ‘एकेक दिवस’ हे लाडके गीतही अनेक जण लोकधून समजतात, पण त्याची चाल आनफेल्ट यांनी स्वतः रचलेली आहे. डेन्मार्कमध्ये नाताळात आणि अंत्यविधीत गायले जाणारे ‘सुंदर आहे पृथ्वी’ हे डॅनिश कवी इंगेमान यांचे १८५० चे गीत स्कॅन्डिनेव्हियन वाटते, परंतु त्याची धून मध्य युरोपातल्या सायलेशिया प्रांतातली आहे आणि ती १८४२ मध्ये जर्मन संग्रहात छापली गेली होती. उलट, ‘राजा वेन्सेस्लास’ हे इंग्रजी नाताळगीत अस्सल इंग्रजी वाटते, पण त्याची चाल १५८२ मध्ये जर्मनीतील ग्राइफ्सवाल्ड येथे फिनलंडच्या विद्यार्थ्यांसाठी छापलेल्या ‘पियाए कान्सिओनेस’ या संग्रहातली वसंताच्या लॅटिन गीताची आहे. त्या पुस्तकाची एक प्रत स्वीडनमधल्या ब्रिटिश राजदूतामार्फत इंग्लंडला आली आणि इंग्रज धर्मगुरू जॉन मेसन नील यांनी १८५३ मध्ये त्या चालीवर शब्द लिहिले. कार्यक्रमपत्रिकेत ‘लोकधून’ छापण्याआधी एवढी चौकशी अवश्य करावी.

आपण ज्या गीतामुळे हा प्रश्न विचारला असेल असा माझा अंदाज आहे, ते जगभर ‘देवा, तू किती थोर’ या आशयाने गायले जाणारे गीत. कार्ल बोबर्ग (१८५९–१९४०) हे स्वीडनच्या आग्नेय किनाऱ्यावरील मॉन्स्टेरोसचे. १८८५ च्या उन्हाळ्यात ते सभेहून घरी परतत असताना अचानक वादळ आले, विजा कडाडल्या, आणि थोड्याच वेळात सारे शांत होऊन खाडीचे पाणी आरशासारखे झाले, पक्षी गाऊ लागले आणि दूर चर्चची घंटा वाजली. त्यांनी नऊ कडव्यांची कविता लिहिली; ती १८८६ मध्ये स्थानिक वृत्तपत्रात आली. काही वर्षांनी वेर्मलांडमधल्या एका सभेत आपलीच कविता एका जुन्या स्वीडिश चालीवर लोक गात असल्याचे त्यांनी ऐकले. कवितेला चाल कोणा एका संगीतकाराने दिली नव्हती; गाणाऱ्यांनी ती आपणहून जोडली होती. १८९१ मध्ये बोबर्ग संपादक असलेल्या साप्ताहिकात ती आडोल्फ एडग्रेन यांच्या वाद्यसाथीसह तीन मात्रांच्या ठेक्यात छापली गेली, आणि तीनच वर्षांनी मिशन संघाच्या गीतपुस्तकात ती चार मात्रांत आली. आजचा तिचा धीरगंभीर चेहरा या दुसऱ्या छपाईतून आलेला आहे. घरी कधी हीच चाल तीन मात्रांत गाऊन पाहावी. तिच्यातला गावचा झोका लगेच जाणवतो.

पुढे १९०७ मध्ये मानफ्रेड फॉन ग्लेन यांनी बोबर्ग यांच्या कवितेचे जर्मन रूपांतर केले, त्यावरून इवान प्रोखानोव्ह यांनी रशियन केले, आणि ते रशियन गीत इंग्रज मिशनरी स्टुअर्ट हाइन यांनी युक्रेनमध्ये ऐकले. कार्पेथियन डोंगरांत सेवा करताना त्यांनी इंग्रजी कडवी रचली. वधस्तंभाविषयीचे तिसरे आणि पुनरागमनाविषयीचे चौथे कडवे त्यांचे स्वतःचे आहे, बोबर्ग यांचे नव्हे. हे गीत १९४९ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि मग मिशनऱ्यांच्या हातांतून अनेक देशांत पसरले. आपल्या दृष्टीने सर्वांत हृद्य टप्पा आपल्या घराजवळचा आहे. सुवार्तिक आणि इतिहासकार एडविन ऑर यांनी हे गीत १९५४ च्या सुमारास नाशिकजवळच्या देवळाली येथे ऐकले. गाणारे होते ईशान्येकडून आलेले नागा गायक, आणि त्यातले स्वरमेळ (हार्मनी, म्हणजे एकाच वेळी गायचे वेगवेगळे सूर) त्या गायकांनी स्वतःच बसवलेले होते. ऑर यांनी ते अमेरिकेला नेले. गायक जॉर्ज बेव्हर्ली शे यांच्या आवाजात आणि अमेरिकन सुवार्तिक बिली ग्रॅहम यांच्या १९५७ च्या न्यूयॉर्कमधील सभांतून ते सर्वत्र दुमदुमले, पण त्याआधी वेर्मलांडच्या त्या धुनीने देवळालीची हवा अनुभवली होती. आपल्या गायकांना ही गोष्ट अवश्य सांगावी.

आता मराठीत गाण्याविषयी. या धुनीचा सांगाडा पाहा: सुरुवात पंचमावर तीनदा टेकून गंधारावर उतरते, पुन्हा पंचमावर येऊन धैवताला स्पर्श करते, आणि ध्रुवपदात मात्र सूर तार षड्जाच्याही वर झेप घेतो. पहिली तीन अक्षरे समेच्या आधी येतात आणि चौथ्यावर सम पडते. स्वीडिशमध्ये त्या समेवर ‘गूद’, म्हणजे ‘देव’ हा शब्द आहे. इंग्रजीतही हाइन यांनी तो शब्द तेथेच ठेवला. मराठी रूपांतर करताना किंवा निवडताना पहिली कसोटी हीच लावावी, की समेवर ‘देवा’, ‘प्रभो’ असा भारदस्त शब्द येतो की ‘आणि’, ‘तर’ असा किरकोळ. दुसरी कसोटी दीर्घ स्वरांची. स्वीडिश भाषेत शब्दाच्या आघाताला वजन असते, मराठीत ते काम बहुधा दीर्घ अक्षर करते. म्हणून लांबलेल्या सुरावर आ, ई, ए, ओ यांपैकी काही असावे. ऱ्हस्व इकारावर चार मात्रा ताणल्या की शब्द मोडतो. शब्दाच्या शेवटचा अकार बोलताना आपण गिळतो, पण ओवी आणि अभंग गाताना तो पूर्ण उच्चारतो. तीच सवय येथे वापरली तर अकरा-दहा अक्षरांच्या ओळी सहज भरतात. नारायण वामन टिळकांनी ओवी-अभंगांत ख्रिस्तभक्ती आणली तेव्हा मराठी मंडळ्यांना ही सवय देवळातही लाभलीच आहे.

स्वरमेळाविषयी माझे मत थोडे आग्रही आहे. छापील चार आवाजांची मांडणी या धुनींवर नंतर चढवलेली आहे. मूळ गायकी एका सुरावलीची होती. म्हणून मी नवीन गायकवृंदाला पहिले दोन आठवडे स्वरमेळ शिकवतच नाही. पेटी बंद ठेवतो आणि तंबोरा लावतो. ब्रोरसन यांच्या नाताळगीताचा सराव घेताना आमच्याकडे असे झाले होते की पेटीवर गंधार दाबला की आल्टोतल्या, म्हणजे खालच्या पट्टीत गाणाऱ्या स्त्रियांच्या गटातल्या, एक वयस्कर बाई दर वेळी किंचित वर जायच्या आणि सगळे त्यांच्याकडे वळून पाहायचे. पेटी काढून तंबोऱ्यावर तीच ओळ त्यांना एकटीला गायला सांगितली, तेव्हा तो गंधार इतका स्थिर आणि गोड लागला की बाकीच्यांनी मुकाट्याने त्यांच्यामागून गायला सुरुवात केली. त्या बाईंचे बालपण जात्यावरच्या ओव्या ऐकण्यात गेले होते. तंबोरा या धुनींना परका नाही, कारण नॉर्वेच्या हार्डांगर व्हायोलिनलाही वाजणाऱ्या तारांखाली सतारीच्या तरफांसारख्या झंकारणाऱ्या तारा असतात आणि तिकडच्या जुन्या वादनात एखादा सूर अखंड घुमत ठेवण्याची रीत आहे.

मुरक्या घ्याव्यात का? होय, पण शब्दांच्या जोडणीत, म्हणजे एका अक्षरावरून पुढच्या अक्षराकडे जाताना, आणि एका ओळीत दोनपेक्षा जास्त नकोत. नाट्यपदातली तान येथे लावू नये. दालार्नाच्या जुन्या ध्वनिमुद्रणांत हरकती लहान, घाईविरहित आणि जवळजवळ श्वासासारख्या असतात. स्वीडिश संगीतकार ऊस्कार लिंडबर्ग यांनी १९३६ मध्ये एल्वदालेनच्या एका धुनीवर ऑर्गनसाठी ‘कुरणावरचे जुने स्तोत्र’ लिहिले. उन्हाळ्यात गुरे घेऊन डोंगरावरच्या झोपड्यांत राहणाऱ्या मुली-बायकांची ती कुरणे. लिंडबर्ग यांनी ऑर्गनसारख्या ठरीव सुरांच्या वाद्यावरही ओळींच्या शेवटी थांबे ठेवून माणसाच्या श्वासाची जागा राखली आहे. त्याचे ध्वनिमुद्रण गायकांना ऐकवावे, म्हणजे मी येथे शब्दांत सांगू पाहतो आहे ते दोन मिनिटांत कळेल.

शेवटी हक्कांची व्यावहारिक बाब. लोकधून कोणाच्या मालकीची नाही आणि बोबर्ग यांचे स्वीडिश शब्दही मुक्त झाले आहेत. मात्र हाइन १९८९ मध्ये निवर्तले, त्यामुळे त्यांच्या इंग्रजी शब्दांवर आणि त्यांवरून केलेल्या भाषांतरावर हक्क अजून लागू आहेत. उपासनेत गाण्याला भारतीय कायदा मुभा देतो; पुस्तिका छापताना किंवा ध्वनिमुद्रण विकताना परवानगी लागते. आपल्या मंडळीत कोणाला स्वीडिश येत असेल, किंवा येणाऱ्याची मदत मिळत असेल, तर बोबर्ग यांच्या मूळ नऊ कडव्यांवरून नवे मराठी रूपांतर करून घ्यावे असे मी सुचवीन. त्यातली वीज, पाऊस, शांत झालेली खाडी आणि संध्याकाळची घंटा मराठीत चांगली उतरेल, आणि पहिल्या सरावाला तिची चाल तीन मात्रांत, तंबोऱ्यावर, सगळ्यांनी एकाच सुरात घ्यावी.